इंदूरच्या उन्हात तीनशे हॉर्सपॉवर

[दृश्य: दुपार. अर्धं शटर उघडलेलं गॅरेज. रोलरवर पट्ट्यांनी बांधलेली लाल ऑडी टीटी, बॉनेट उघडं.]

मे महिना, दुपारचे तीन. इंदूरचा पारा ४२ अंशांवर. इंजिन बंद करून दहा मिनिटं झाली, तरी टर्बोतून (हवा दाबून इंजिनात पाठवणाऱ्या चक्रातून) निघणाऱ्या पाइपाला हात लावायची सोय नाही.

कंपनीच्या कागदावर या टीटीचं इंजिन १,९८४ सीसी, २३० हॉर्सपॉवर, ३७० न्यूटन मीटर टॉर्क (फिरवण्याचा जोर). मालकाला ३०० हवेत. लॅपटॉप जोडून ईसीयूमध्ये (इंजिन चालवणाऱ्या संगणकात) नवी फाइल भरली की अर्ध्या तासात काम होतं, असं सगळीकडे ऐकायला मिळतं. फाइल भरायला खरंच तेवढाच वेळ लागतो. पण ते तीनशे हॉर्सपॉवर मे महिन्यातल्या चौथ्या रनलाही (रोलरवर पूर्ण ताकदीनं घेतलेल्या चाचणीलाही) टिकले पाहिजेत, आणि दोन वर्षांनी इंजिन उघडलं तर पिस्टन धड सापडले पाहिजेत. त्याची तयारी फाइलच्या बरीच आधी सुरू होते.

[दृश्य: टर्बोचं पंख्यासारखं चक्र, अगदी जवळून.]

पेट्रोल इंजिनाची ताकद त्यात किती वजनाची हवा शिरते त्यावर ठरते. आकार तोच ठेवून जास्त हवा कोंबायची तर दाब वाढवावा लागतो, आणि दाबलेली हवा तापते. इंदूर समुद्रसपाटीपासून साधारण ५५० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा सुमारे सहा टक्के कमी. टर्बो ही तूट भरून काढतो, पण त्यासाठी त्याला जास्त वेगानं फिरावं लागतं. ४० अंशांची हवा २.३ पट दाबली आणि कॉम्प्रेसरची (टर्बोच्या हवा दाबणाऱ्या भागाची) कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर टर्बोतून बाहेर पडताना ती जवळजवळ १६० अंशांची होते. ही हवा तशीच सिलिंडरमध्ये गेली तर ठिणगी पडल्यावर उरलेलं मिश्रण वेळेआधी आपोआप पेट घेतं. त्यालाच नॉकिंग म्हणतात. ईसीयूला ते कळतं, तो ठिणगी उशिरा देतो, आणि वाढवलेली ताकद तिथेच हातातून जाते.

[दृश्य: माणिकबागेचा पांढरा महाल. त्यानंतर भगव्या-काळ्या ड्यूसेनबर्गचं जुनं छायाचित्र.]

हवा दाबून ताकद वाढवणारी गाडी इंदूरकरांना नवी नाही. १९३०च्या दशकात इंदूरचे महाराज यशवंतराव होळकर (दुसरे) यांच्यासाठी अमेरिकेत बनलेल्या ड्यूसेनबर्ग एसजेवर लंडनच्या गर्नी नटिंगनं दोन आसनी बॉडी चढवली होती. तिचं इंजिन ६.९ लिटरचं, एका रांगेत आठ सिलिंडर. कंपनीचा दावा असा की साध्या इंजिनाची ताकद २६५ हॉर्सपॉवर आणि सुपरचार्जर बसवल्यावर ३२०. इंजिनाचा आकार तसाच राहिला, फक्त आत जाणारी हवा वाढली. आज दोन लिटरमधून जवळजवळ तेवढीच ताकद मागताना प्रत्येक सिलिंडरवरचा ताण किती वाढलाय, याचा अंदाज यावरून यावा.

[दृश्य: प्लग काढलेल्या भोकात कॉम्प्रेशन गेज. काटा वर सरकतो.]

सुरुवात तपासणीपासून. इंजिन गरम, थ्रॉटल पूर्ण उघडा, इंधन बंद, आणि चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन (पिस्टन वर येताना आत तयार होणारा दाब) मोजायचं. आकडा किती आला यापेक्षा चौघांमधला फरक महत्त्वाचा. तो दहा टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ट्यूनिंगचा विषय तिथेच थांबवावा. मग लीकडाउन. सिलिंडरमध्ये हवा भरून ती कुठून निसटते ते कान लावून ऐकायचं. सायलेन्सरमधून फुसफुस आली तर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, ऑइल भरायच्या झाकणातून आली तर रिंग, रेडिएटरमध्ये बुडबुडे आले तर हेड गॅस्केट.

पुढे टर्बोच्या तोंडाला टोपी लावून एक बारच्या आतली हवा भरायची आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी मारायचं. नळीच्या क्लॅम्पखाली केसाएवढी फट असली तरी फेस येतो. कंपनीच्या दाबावर ही गळती खपून जाते, ईसीयू टर्बोला थोडं जास्त फिरवून भरपाई करतो. दाब वाढवला की टर्बो मर्यादेबाहेर फिरायला लागतो आणि महिन्याभरात शिट्टीसारखा आवाज सुरू होतो. तेव्हा दोष फाइलला दिला जातो. गळती आधीपासूनच होती.

याच वेळी थर्मोस्टॅट आणि वॉटर पंपाचं प्लास्टिकचं घर बघून घ्यावं. या जातीच्या इंजिनात ते झिरपतं, खाली गुलाबी पांढरट डाग दिसतो. बदलायचंच असेल तर ताकद वाढवायच्या आधी. ज्या इंजिनात पेट्रोल थेट सिलिंडरमध्येच फवारलं जातं, तिथे इनटेक व्हॉल्व्हवर काजळीचा थर साचतो. ६०-७० हजार किलोमीटर झाले असतील तर मॅनिफोल्ड (हवा आत नेणाऱ्या नळ्यांचा संच) उतरवून अक्रोडाच्या कवचाच्या भरडीनं व्हॉल्व्ह साफ करून घ्यावेत.

[दृश्य: समोरचा बंपर उतरवलेला. दोन इंटरकूलर जमिनीवर शेजारी शेजारी.]

आणि आता इंटरकूलर, म्हणजे टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी. इंदूरमध्ये पहिला पैसा इथेच लावावा.

कंपनीचा इंटरकूलर चांगला आहे, पण तो २३० हॉर्सपॉवरसाठी बनवलेला. डायनोवर (ताकद मोजणाऱ्या रोलरवर) एका पाठोपाठ तीन रन घेतले की त्याची दमछाक दिसते. पहिल्या रनला आत जाणारी हवा ५५ अंशांची, तिसऱ्याला ७५च्या वर. हवा दहा अंशांनी तापली की तिची घनता साधारण तीन टक्के घटते, आणि नॉकिंगची भीती त्याहून वेगानं वाढते. म्हणून मोठ्या गाभ्याचा इंटरकूलर. फक्त जाडी बघून घेऊ नये. फार जाड गाभा मागच्या एसी कंडेन्सरची आणि रेडिएटरची हवा अडवतो. मग इनटेक थंड राहतं, पण ए.बी. रोडच्या ट्रॅफिकमध्ये कूलंट तापतं. फिन (गाभ्यातल्या पातळ पत्र्याच्या पट्ट्या) फार दाट असतील तर हवा आतून जाताना दाब पडतो. इंटरकूलरच्या आधी आणि नंतर दाब मोजावा. फरक ०.१ बारच्या आसपास असेल तर ठीक, ०.२ असेल तर तो इंटरकूलर परत करावा.

बसवताना एक काम हमखास राहतं. बंपरच्या जाळीतून आलेली हवा गाभ्यातूनच गेली पाहिजे. बाजूला दोन बोटांची फट राहिली तर हवा सोप्या वाटेनं निघून जाते आणि महागडा इंटरकूलर नुसता लटकत राहतो. ॲल्युमिनियमचा पत्रा कापून, कडेला फोमची पट्टी चिकटवून त्या फटी बंद कराव्यात. खर्च फारसा नाही, पण इनटेकचं तापमान लगेच खाली येतं.

एअर फिल्टरच्या बाबतीत आमचं मत स्पष्ट आहे. बॉनेटखाली उघडा शंकूसारखा फिल्टर लावू नये. तो इंजिनाचीच गरम हवा ओढतो, आणि उन्हाळ्यात पीथमपूरकडची धूळ त्याच्या विरळ जाळीतून आत जाते. कंपनीचा बंद डबा आणि कागदी फिल्टर ३०० हॉर्सपॉवरपर्यंत पुरतो. फिल्टर दर पाच हजार किलोमीटरला बदलावा.

[दृश्य: पेट्रोल पंपाचं नोजल. मग स्क्रीनवर रेल प्रेशरचा आलेख, मध्येच खाली गेलेला.]

परदेशात तयार झालेली फाइल इथे बहुतेक वेळा इंधनावर अडते. ती ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलवर बेतलेली असते (ऑक्टेन जास्त म्हणजे नॉकिंग कमी) आणि आपल्या टाकीत ई२०, म्हणजे २० टक्के एथेनॉल मिसळलेलं पेट्रोल. एथेनॉल नॉकिंग रोखतं, पण एक किलो ई२० पूर्ण जळायला साध्या पेट्रोलपेक्षा कमी हवा लागते. म्हणजे तेवढ्याच हवेला सुमारे आठ टक्के जास्त इंधन द्यावं लागतं. कंपनीच्या इंजिनात ही वाढ इंजेक्टर आणि हाय प्रेशर पंप निमूटपणे सोसतात. ताकद वाढवली की दोघंही टोकाला पोहोचतात. २०० बार मागितले आणि रेलमध्ये (इंजेक्टरना पेट्रोल पुरवणाऱ्या नळीत) १५० आले, की ५,५०० आरपीएमच्या (मिनिटाला फेऱ्यांच्या) वर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानानं पेट्रोल कमी पडतं. पातळ मिश्रण, तापलेला टर्बो आणि ४२ अंशांची हवा एकत्र आली की पिस्टन वितळतो. म्हणून रेल प्रेशरचा आलेख बघितल्याशिवाय गाडी मालकाच्या हातात देऊ नये.

१०० ऑक्टेनचं पेट्रोल घालून ट्यून केलेली गाडी नेहमी त्याच पेट्रोलवर चालवायची तयारी असेल तरच तशी फाइल घ्यावी. खंडव्याच्या वाटेवर ते मिळालं नाही म्हणून साधं पेट्रोल भरायची पाळी येते. रोज जे मिळतं त्यावर ट्यून करावं. पंधरा-वीस हॉर्सपॉवर कमी मिळाले तरी चालतील.

[दृश्य: लॅपटॉपचा पडदा. टॉर्कच्या दोन रेषा, एक टोकदार, एक सपाट.]

आता फाइल. हॉर्सपॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम, भागिले ७,०२३. या इंजिनाला ६,००० आरपीएमवर २३० हॉर्सपॉवर द्यायला २६९ न्यूटन मीटर पुरतात. त्याच ठिकाणी ३४० न्यूटन मीटर टिकवले की २९० हॉर्सपॉवर होतात. म्हणजे वाढ वरच्या आरपीएमला करायची. पण खालच्या आरपीएमचा धक्का चालवणाऱ्याला पटकन जाणवतो, म्हणून बऱ्याच फाइलमध्ये २,३०० आरपीएमलाच ४५० न्यूटन मीटर ओतलेले असतात. तेवढ्या कमी वेगात पिस्टनवर दाब फार वेळ राहतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. वाकलेला रॉड लगेच तुटत नाही. आधी त्या सिलिंडरचं कॉम्प्रेशन उतरतं, मग आयडलला गाडी मिस मारते.

३,००० आरपीएमच्या खाली टॉर्क ३८०च्या आत ठेवावा. मधल्या पट्ट्यात ४२० पर्यंत जाऊ द्यावा. बूस्ट (टर्बोनं वाढवलेला हवेचा दाब) मधल्या पट्ट्यात १.५ बार, ६,००० पर्यंत उतरत १.२. कंपनीच्या लहान टर्बोला वर १.५ बार मागितले तर तो थंड हवा देत नाही, नुसतं गरम वारं फुंकतो. हेच १,९८४ सीसी टीटीएसमध्ये (याच गाडीच्या वरच्या आवृत्तीत) कंपनीनंच ३१० हॉर्सपॉवरपर्यंत नेलं होतं, पण तिथे टर्बो मोठा आहे आणि कॉम्प्रेशन रेशो (पिस्टन मिश्रण किती पट दाबतो ते) कमी आहे. त्यापलीकडे जायचं असेल तर टर्बो बदलणं हाच प्रामाणिक रस्ता.

फाइल भरायच्या आधी नवे स्पार्क प्लग, एक पायरी थंड (उष्णता लवकर बाहेर सोडणारे), गॅप (ठिणगी पडते ती फट) ०.६ ते ०.७ मिलिमीटर. कंपनीचा गॅप जास्त असतो. दाब वाढला की ठिणगी विझते आणि पाचव्या गिअरमध्ये गाडी अडखळते. गॅप करताना मधल्या टोकाला पाना टेकवू नये, त्याचा बारीक धातू तुटतो.

मग डायनोवर चौथ्या गिअरमध्ये २,००० ते ६,५०० आरपीएम. प्रत्येक रनला नोंद घ्यायची: मागितलेला आणि मिळालेला बूस्ट, लॅम्डा (हवा आणि पेट्रोलचं प्रमाण, १च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त), रेल प्रेशर, इनटेकचं तापमान आणि चारही सिलिंडरची ठिणगी किती मागे ओढली, म्हणजे उशिरा दिली गेली ते. दोन अंशांपर्यंत (हे क्रँकच्या फिरण्याचे अंश) मागे ओढणं चालतं. एखाद्या सिलिंडरला चार अंश दिसले तर बूस्ट ०.१ बार उतरवून पुन्हा रन. लॅम्डा पूर्ण लोडवर ०.८२ ते ०.८६. सकाळी सातला घेतलेल्या रनवर विसंबू नये. इंदूरची सकाळ थंड असते, आकडा छान येतो आणि दुपारी खोटा ठरतो.

[दृश्य: गाडी लिफ्टवर. खालून ऑइलची धार.]

गिअरबॉक्स सहा स्पीडचा, ऑइलमध्ये भिजलेल्या दोन क्लचचा. मूळ मर्यादेच्या वर टॉर्क गेला की क्लच घसरतो. वेग तसाच आणि आरपीएम चढतं. त्यासाठी टीसीयूची (गिअरबॉक्सच्या संगणकाची) फाइलही बदलून क्लचवरचा दाब वाढवावा लागतो. गिअर ऑइल आणि फिल्टर ६०,००० किलोमीटरला सांगितलंय, ते ४०,०००ला बदलावं. मागच्या हॅल्डेक्सच्या (मागच्या चाकांना ताकद जोडणाऱ्या क्लचच्या) पंपाची जाळी काढून साफ करावी. क्लचच्या किसानं ती तुंबते, मागच्या चाकांना ताकद जात नाही आणि पुढची चाकं ओढायला एकटी पडतात. इंजिन ऑइल ५डब्ल्यू-४०, दर ७,५०० किलोमीटरला. ब्रेक ऑइल नवं, टायर चांगले.

एक्झॉस्टमधला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढू नये. त्यानं मिळणारी वाढ थोडी, धूर आणि वास मात्र मागच्या माणसाच्या नाकात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीतल्या बदलांवर मर्यादा आहेत. २०१९च्या दुरुस्तीनं बदललेल्या कलम १८२-अ प्रमाणे बेकायदा बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलासाठी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. आरटीओ आणि विमा कंपनीशी आधीच बोलून घ्यावं.

[दृश्य: पीथमपूरचा लांबलचक ट्रॅक. उन्हात थरथरणारं डांबर.]

तीनशे हॉर्सपॉवर पूर्ण उघडायला इंदूरचा सुपर कॉरिडॉर रस्ता ही जागा नव्हे. तिथे दुचाक्या असतात, उलट्या दिशेनं येणारे ट्रॅक्टर असतात. इंदूरच्या उशाशी पीथमपूरला नॅट्रॅक्स हे वाहन चाचणी केंद्र आहे. तिथला ११.३ किलोमीटरचा हाय स्पीड ट्रॅक जून २०२१ मध्ये सुरू झाला. गाड्या अशा बंद ट्रॅकवरच, नियमानं वेळ घेऊन उघडाव्यात.

[दृश्य: पुन्हा गॅरेज. पाचशे किलोमीटरनंतर. चार प्लग पांढऱ्या फडक्यावर ओळीनं.]

पाचशे किलोमीटर झाले की गाडी परत आणायची. क्लॅम्प पुन्हा आवळायचे, साबणाचं पाणी पुन्हा मारायचं, प्लग बाहेर काढायचे. चिनी मातीचा भाग फिकट तपकिरी असेल तर मिश्रण बरोबर. दुधासारखा पांढरा असेल तर पातळ. भिंगाखाली त्यावर मिरपुडीसारखे काळे ठिपके दिसले, तर ती नॉकिंगची खूण. आणि चकाकणारे रुपेरी कण दिसले, तर ते पिस्टनच्या ॲल्युमिनियमचे असतात. तसं असेल तर जुनी फाइल परत भरायची आणि कॉम्प्रेशन गेज पुन्हा हातात घ्यायचं.

तीन प्लग स्वच्छ तपकिरी आहेत. चौथ्यावर दोन बारीक काळे ठिपके. बूस्ट ०.१ बार उतरवला जातो, नवा प्लग बसतो, आणि उद्या दुपारी तीनला पुन्हा रन.