दुखणं किती? बारा आणे

(दृश्य: शिरोळ तालुका. उसाच्या ट्रॉल्यांना बाजू देत एक दुचाकी गावात शिरते.)

गळीत हंगाम जोरात आहे. घरातली कर्ती माणसं फडात. कोल्हापूरहून आलेल्या या तरुणीला अशा वेळी घरात भेटतात ते आजारी माणूस आणि त्याची उस्तवार करणारी सून किंवा लेक. तिला नेमकं त्यांनाच भेटायचंय. पॅलिएटिव्ह केअर, म्हणजे गंभीर आजारात दुखणं, धाप, मळमळ, मनाची घालमेल कमी करणारे उपचार. त्यानं माणसाला खरंच किती आराम पडतो, हे मोजणं तिचं काम.

(दृश्य: सोप्यात कॉटवर आजी. उशाशी औषधांची पिशवी.)

आजींना तोंडाचा कॅन्सर आहे. उभं आयुष्य मिश्री लावण्यात गेलं. बोलायला त्रास होतो, म्हणून प्रश्न मोजके. शून्य म्हणजे अजिबात नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. कॅनडातल्या एडमंटनमध्ये 1991 साली तयार झालेली ही पट्टी आज जगभर वापरतात. आजी आकड्यांकडं बघतही नाहीत.

‘रुपयातलं बारा आणं हाय बघ, पोरी.’

बारा आणे म्हणजे साडेसात, असा हिशेब लगेच करता येतो. ती तो करत नाही. आजींचे शब्द जसेच्या तसे लिहिते आणि झोपेचं विचारते. ‘लागती की,’ आजी म्हणतात. दारातून सून म्हणते, ‘कुठली लागती! आत्तींस्नी रातभर डोळ्याला डोळा न्हाई.’

दोन्ही उत्तरं वेगवेगळ्या रकान्यांत जातात. घरची माणसं दुखणं अनेकदा जास्त सांगतात, आणि सुनेला घोर नको म्हणून सासू ते कमी सांगते. सून चहा ठेवायला आत गेली, की तोच प्रश्न पुन्हा. एवढं दुखणं नुसतं लिहून घेऊन निघायचं नसतं. उपचार करणाऱ्या डॉक्टरांना तिथूनच फोन जातो. मॉर्फिन, म्हणजे तीव्र दुखण्यावरचं औषध. त्याची साधी गोळी जेमतेम चार तास पुरते. रात्रीचा डोस चुकला, तर पहाट कशी उजाडते ते सुनेला ठाऊक आहे.

(दृश्य: कोल्हापूर. संगणकावर तक्ता, मधेमधे कोऱ्या चौकटी.)

खरी कसोटी इथं लागते. पुढच्या फेरीला कोणी बेशुद्ध असतं, कोणी गेलेलं असतं. जे उत्तर देतात, ते त्यातल्या त्यात बरे असतात. फक्त त्यांची सरासरी काढली, तर सगळं छान चाललंय असं दिसेल, आणि सर्वांत जास्त सोसणारी माणसंच हिशेबातून गळतील. बोस्टनमध्ये फुप्फुसाच्या कॅन्सरच्या 151 रुग्णांवर अभ्यास झाला, 2010 साली प्रसिद्ध झाला. बारा आठवड्यांत 27 जण वारले. उरलेल्यांपैकी 107 जणांची उत्तरं मिळाली. ज्यांना सुरुवातीपासून पॅलिएटिव्ह केअर मिळाली, त्यांचं जगणं जास्त सुसह्य होतं. मध्यक आयुर्मानही, म्हणजे निम्मे रुग्ण ज्याहून जास्त जगले तो काळ, इतरांच्या 8.9 ऐवजी 11.6 महिने भरलं.

तिथं कोणाला काय मिळणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं होतं. दवाखान्याच्या नुसत्या नोंदी पाहिल्या, तर उलटंच दिसू शकतं: ही केअर मिळालेले रुग्ण लवकर जातात. कारण आपल्याकडं माणूस तिथं पोचतोच मुळी फार उशिरा. या चकव्यातून वाट काढायला आजार किती पुढं गेला होता, कुठून कधी पाठवलं, याची नोंद पहिल्या दिवसापासून लागते.

(दृश्य: दुसरं गाव. भिंतीवर हार घातलेला फोटो.)

म्हणून माणूस गेल्यावरही ती त्या घरी जाते. दिवस-कार्य उरकून काही आठवडे झाल्यावर, आधी विचारून. शेवटच्या आठवड्यात दुखणं आटोक्यात होतं का? रात्री गोळी कोण द्यायचं? संपल्यावर ती कुठून आणली, किती दिवस लागले? मॉर्फिन मिळणं सोपं व्हावं म्हणून देशाचा कायदा 2014 मध्ये बदलला. तो बदल या उंबऱ्यापर्यंत पोचला का, हे शेवटच्या प्रश्नाच्या उत्तरातून कळतं.