कुलूप आणि सातव्या आठवड्याचा फोन

(सकाळ. काटोल तालुका. पऱ्हाटीतून पाठीवर फवारा घेऊन चालणारा माणूस.)

नागपूरहून साठेक किलोमीटर. फवारणी उरकली, पण बाटलीत निम्मं औषध उरलंय. हो, गावात कीटकनाशकाला औषधच म्हणतात. ते जातं कोठ्यात, नाहीतर घरात धान्याच्या पोत्यांमागे.

(लोखंडी पेटी. कडी. कुलूप. जवळून.)

टोकाच्या क्षणी कुणी ते पिऊन जीव देऊ नये, म्हणून ही पेटी. जाड पत्र्याची, भिंतीला बोल्टनं आवळलेली. नुसती ठेवली तर उचलून नेता येते. जागा घराबाहेर, पोरांच्या हाताला न लागणारी. किल्ली वेगळ्या माणसाकडे. बाटली मूळचीच, लेबलासकट. पाण्याच्या बाटलीत ओतायचं नाही. आणि खरेदी एका फवारणीपुरतीच, म्हणजे उरतच नाही.

(कॅमेरा सरकतो. किल्ली कुलपालाच लटकलेली.)

आणि हे असं होतं. हंगामात पेटी सारखी उघडावी लागते, पावसानं कुलूप गंजतं, मग किल्ली तिथंच राहते. श्रीलंकेत 180 गावांत, 53 हजारांहून जास्त घरांत पेटीची चाचणी झाली. 2017 साली निकाल आला: पेटी दिलेल्या आणि न दिलेल्या गावांत कीटकनाशक पिण्याच्या प्रमाणात फरक दिसला नाही. तामिळनाडूत कडलूर जिल्ह्यात वेगळा प्रयोग झाला. घरांपासून दूर एकच साठवण-खोली, प्रत्येकाचा आपला खण, आणि राखण करणारा माणूस. बाटली घ्यायची तर कुणाच्या तरी समोरून जावं लागतं. टोकाचा क्षण बऱ्याचदा थोडाच वेळ टिकतो. तेवढ्यात हाताशी काही नसलं, की माणूस वाचतो. वाचलेल्यांतले बहुतेकजण पुढेही आत्महत्येनं जात नाहीत. पण सगळ्यात मोठा फरक पाडला बंदीनं. श्रीलंकेनं सर्वांत घातक कीटकनाशकं बाजारातून काढली. 1995 नंतरच्या वीसेक वर्षांत तिथला आत्महत्येचा दर 70 टक्क्यांच्या आसपास घसरला. ते काम गावाच्या हातातलं नाही, सरकारच्या आहे.

(नागपूरचा कळमना बाजार. हमाल. मग शहरातली भाड्याची खोली.)

विदर्भात आत्महत्या म्हटलं की शेतकरीच डोळ्यांपुढे येतो. 2022 मध्ये महाराष्ट्रात आत्महत्येनं 22,746 मृत्यू नोंदले गेले, देशात सर्वाधिक. त्यातले शेतीतले, म्हणजे शेतकरी आणि शेतमजूर मिळून, 4,248. बाकीचे रोजंदार, गृहिणी, विद्यार्थी, पगारदार. त्यांच्यासाठी पेटी नाही.

(आशाताई, वही, अंगणातली खाट.)

त्यांच्यासाठी प्रश्न आहे. ताई आधी झोपेचं विचारतात, जेवणाचं विचारतात, मग सरळ: "भाऊ, जीव नकोसा वाटते का? काही करून घ्यावं असं मनात येते का?" विचारल्यानं डोक्यात विचार घुसत नाही, उलट बोलायला वाट मिळते. "असं काही नाही ना?" हा मात्र वाईट प्रश्न. उत्तर "नाही" हेच यावं, अशी त्याची घडण. उत्तर "हो" आलं तर ताई एकट्याला सोडत नाहीत, घरातल्या एकाला बोलावतात आणि तिथूनच टेली-मानसला, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनला, फोन लावतात: 14416. चोवीस तास, फुकट, मराठीतून.

(रुग्णालयाचा दरवाजा. सुटीचा कागद.)

खरी गळती इथं होते. विष घेतलेल्याचं पोट धुतलं, सलाईन संपलं, घरी पाठवलं. पोलीस केस होईल या भीतीनं घरचे "चुकून घेतलं" असं लिहून देतात, म्हणून मनोविकार विभागाकडे पाठवणंच राहून जातं. वास्तविक मानसिक आरोग्य कायदा 2017 नुसार असा माणूस तीव्र ताणाखाली होता असंच धरलं जातं, आणि आत्महत्येच्या प्रयत्नाला गुन्हा ठरवणारं जुनं 309 कलम नव्या न्याय संहितेत नाही.

(टेबलावर कॅलेंडर. तारखांभोवती गोल.)

जागतिक आरोग्य संघटनेनं चेन्नईसह पाच ठिकाणी, आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या 1,867 जणांवर एक साधी पद्धत तपासली. सुटीआधी तासभर बोलणं, मग दीड वर्षात नऊ वेळा फोन किंवा भेट: 1, 2, 4, 7 आणि 11 व्या आठवड्याला, पुढे 4, 6, 12 आणि 18 व्या महिन्याला. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत 2.2 टक्के आत्महत्येनं दगावले. संपर्कात राहिलेल्यांत 0.2.

फसतं ते नंबरवर. कागदावर शेजाऱ्याचा नंबर, सिम बदललेलं. म्हणून दोन नंबर घ्यायचे आणि माणूस समोर असतानाच वाजवून पाहायचे. फोन दुसऱ्या कुणी उचलला तर "दवाखान्यातून बोलतो" एवढंच सांगायचं.



(रिंग वाजते. पलीकडून: "हॅलो?")

"दादा, दवाखान्यातून बोलतोय. सातवा आठवडा झाला. झोप कशी आहे?"