कठीण दिवसांतलं रोजचं चित्र

मंडळी, पावसाळ्यात सांगलीत दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: 'आयर्विनला किती फूट?' म्हणजे कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी किती चढलं. 40 झालं की सामान माळ्यावर चढायला लागतं, 45 ही धोक्याची पातळी. 2019 च्या ऑगस्टमध्ये पाणी 57 फुटांच्याही वर गेलं. अशा आठवड्यात चित्र काढायचं का, असं माझ्या विद्यार्थ्यांनी तेव्हा विचारलं होतं. आजचा विषय कळल्यावर पुन्हा काहींनी विचारलं. काढायचं. आधी माणसं, मग जनावरं, मग घर. हे सगळं निस्तरून जी पंधरा मिनिटं उरतील, त्यांत काढायचं. ते जमवायचं कसं, एवढंच आज बोलायचंय.

चांगल्या दिवसांतला रियाज आहे तसा वाईट दिवसांत न्यायला गेलं की तो मोडतो. घरात आजारपण आहे, पगार थांबलाय, आणि आपण मोठा कागद ताणून ईझल मांडून बसायचं म्हणतो. चार दिवस जमतं, पाचव्या दिवशी खाडा, आणि मग कायमचाच. म्हणून रियाज लहान करा. पोस्टकार्डाएवढा कागद, तीन रंग, एक ब्रश. आणि विषय आदल्या रात्रीच ठरवून ठेवा. दिवसभर इतके निर्णय घ्यावे लागतात, की 'आज काय काढू?' या एका प्रश्नापाशी दमलेलं मन बसकण मारतं. इटलीत बोलोन्याला मोरांदी नावाचा चित्रकार होता. त्याच त्या बाटल्या, तेच पेले, आयुष्यभर. महायुद्ध आलं, गेलं, तरी त्याच बाटल्या. विषय ठरलेला होता, म्हणून त्याचं सगळं लक्ष उजेडाकडे राहिलं, असं मला त्याची चित्रं पाहताना नेहमी वाटतं.

पूर ओसरल्यावर मी आमच्या गल्लीतली एकच भिंत घेतली होती. पुराची रेघ एक नसते हो! पाणी थांबत थांबत उतरतं, आणि जिथं जिथं थांबतं तिथं एक बारीक आडवी रेघ सोडून जातं. वर घराचा मूळ पोपटी डिस्टेंपर, खाली गाळ, आणि मधे या रेघाच रेघा. गाळ ओला असताना जवळजवळ काळा दिसतो. वाळला की राखाडी होतो, त्याला किंचित पिवळट झाक येते, आणि मग तडे जातात. अल्ट्रामरिन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी एकत्र केला की राखाडी मिळतो. त्यात चिमूटभर यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, घातला की आपल्या कृष्णेचा वाळलेला गाळ. सकाळी फावड्यानं तोच गाळ घराबाहेर ओढायचा आणि संध्याकाळी त्याचा रंग शोधायचा. दुःख हलकं झालं असं मी म्हणणार नाही. पण ज्या गोष्टीचा दिवसभर राग येत होता, तिच्याकडे पंधरा मिनिटं मी नीट पाहिलं.

आता थोडं कागदाबद्दल, कारण आपल्याकडे रियाज बंद पडायला निम्म्या वेळा कागदच कारणीभूत असतो. ऑगस्टात कागद सादळतो. पहिला वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा पातळ थर, वाळतच नाही, आणि त्याच्यावर दुसरा चढवला की चिखल होतो. बुरशी धरली तर कागदावरचं साइझिंग, म्हणजे पाणी लगेच शोषू न देणारा लेप, जातं आणि रंग तेवढ्याच जागी टिपकागदासारखा शोषला जातो. तेव्हा पावसाळ्यात एका बैठकीत एकच वॉश द्या, बाकी काम पेन्सिलीनं. तेवढं पुरतं.

साधनं नाहीत, ही अडचण खरीच आहे, पण तिच्यावर आपल्याच देशात उत्तर मिळालेलं आहे. 1943 च्या बंगालच्या दुष्काळात झैनुल आबेदिन कलकत्त्याच्या रस्त्यांवर उपाशी माणसं काढत होते. हलका, स्वस्त कागद, काळी शाई आणि ब्रश. ती चित्रं आजही पाहवत नाहीत, आणि त्यांत एकही रेघ जास्तीची नाही. शरीर साथ देत नाही म्हणाल, तर शांतिनिकेतनचे बिनोदबिहारी मुखर्जी आठवा. हिंदी भवनातल्या संतांच्या भित्तिचित्रांचे चित्रकार. डोळ्यांच्या शस्त्रक्रियेनंतर दृष्टी पूर्ण गेली. त्यानंतर ते रंगीत कागद कापून चित्रं करत राहिले, मेणाच्या मूर्ती करत राहिले. किंवा युरोपातला चित्रकार पॉल क्ले. त्वचा घट्ट होत जाण्याचा आजार, आणि तरी 1939 या एका वर्षात त्याच्या नावावर बाराशेहून अधिक कामं आहेत. त्या काळातली त्याची रेघ बघा, जाड आणि थोडकी झालेली. हाताला जे जमत होतं, त्यातूनच त्यानं नवी भाषा उभी केली.

आपल्यापैकी बहुतेकांचे कठीण दिवस मिरजेच्या दवाखान्यांत जातात. नंबर लागेपर्यंत बसून राहायचं. माझे यजमान आजारी होते तेव्हा माझ्या पर्समध्ये बॉलपेन आणि कोऱ्या कागदांची छोटी वही असायची. समोरच्या बाकाखाली ठेवलेले डबे, थर्मास, दाराबाहेरच्या चपला. चेहरे मी काढत नसे. तिथल्या माणसांना त्यांचं दुःख कुणी टिपून घ्यावं असं वाटत नाही, आणि ते बरोबरच आहे. चपला मात्र खूप सांगतात. शेतातून थेट आलेल्या माणसाच्या टाचेखालचा झिजलेला भाग एकदा काढून बघा.

2020 च्या मार्चमध्ये कोरोनामुळे आपल्या जिल्ह्यातल्या इस्लामपूरचं नाव रोज बातम्यांत होतं. दुकानं बंद, रंग संपलेले. सांगलीत हळदीला काय तोटा! मुलांनी हळदीनं रंगवलं, चहाच्या पाण्यानं रंगवलं. हळदीचा पिवळा उन्हात उडतो, हे त्यांना तेव्हा कळलं, आणि त्यातून टिकाऊ रंग म्हणजे काय हा धडा मला वेगळा शिकवावा लागला नाही.

मूड नाही म्हणणाऱ्यांनी एकदा औंधला जाऊन या. सातारा जिल्ह्यात, यमाईच्या डोंगरावर 1938 सालचं भवानी संग्रहालय आहे. ते उभारणारे राजे, बाळासाहेब पंतप्रतिनिधी, स्वतः चित्रकार होते आणि सूर्यनमस्कारांचे मोठे प्रचारक. नमस्कार घालायला मूड लागत नाही, सकाळ लागते. त्यांनी रामायणावर चित्रांची मालिका रंगवली. असं काम संस्थानाचा कारभार सांभाळून व्हायचं, तर ते याच शिस्तीनं होत असणार असं मला वाटतं.

एक कळकळीची विनंती. या दिवसांतली चित्रं रोजच्या रोज व्हॉट्सअ‍ॅपवर टाकू नका. अंगठे मोजायला लागलात की दुसऱ्या दिवशीचं चित्र त्या अंगठ्यांसाठी होतं. चित्राच्या मागे तारीख आणि वेळ लिहा, पावसाळा असेल तर आयर्विनचे फूटही लिहा, आणि डब्यात ठेवून द्या.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता आपण गणपती मंदिरामागच्या घाटावर बसणार आहोत. पाणी वर असेल तर देवळाच्या आवारात बसू. येताना पेन्सिल आणि पोस्टकार्डाएवढा जाड कागद आणा. रंग आणि ब्रश मी घेऊन येते. ज्यांच्या घरी सध्या आजारी माणूस आहे, त्यांनी पंधरा मिनिटांत उठून गेलं तरी चालेल.