टाकीत भरून ठेवलेली वीज

नमस्कार श्रोतेहो.

माझं लहानपण लालबागच्या चाळीत गेलं. पहाटे साडेचारला नळ यायचा. आधी नुसती हवा फुसफुसायची, मग गढूळ धार, मग पाणी. आई पिंप भरायची, हंडे-कळशा भरायची, शेवटी चहाचं पातेलंसुद्धा भरून ठेवायची. पाणी येतं तेव्हा भरायचं आणि लागतं तेव्हा वापरायचं, हे मुंबईत कुणाला शिकवावं लागत नाही.

विजेचं मात्र असं नाही. ग्रिडमध्ये, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्यात, ज्या क्षणी वीज वापरली जाते, त्याच क्षणी ती कुठेतरी तयार व्हावी लागते. कोळशावर हे निभावून जात होतं, कारण मागणी वाढली की बॉयलरमध्ये कोळसा वाढवता येतो. ऊन असं वाढवता येत नाही. दुपारी एक वाजता सोसायटीच्या गच्चीवरचे पॅनेल भरभरून वीज देत असतात आणि खाली निम्मी घरं कुलूपबंद असतात. संध्याकाळी साडेसातला माणसं लोकलमधून उतरून घरी येतात, दिवे, पंखे, एसी लावतात, तेव्हा सूर्य समुद्रात गेलेला असतो. दुपारची वीज रात्रीपर्यंत धरून कशी ठेवायची, हा आजचा विषय.

मुंबईची वीज शंभर वर्षांपूर्वी सह्याद्रीच्या माथ्यावर साठवली जात होती, पाण्याच्या रूपात. १९१५ साली खोपोलीच्या जलविद्युत केंद्रातून इथल्या गिरण्यांना वीज मिळू लागली. पुढे मुळशीचं धरण आलं. त्या धरणासाठी मावळच्या शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आणि १९२१ साली सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह उभा राहिला. आपण बटण दाबतो तेव्हा त्या बुडालेल्या गावांची आठवण ठेवायला हवी, असं मला मनापासून वाटतं. आजही वीज साठवायची सगळ्यात मोठी रीत हीच आहे. आपल्या घाटघरला २५० मेगावॉटचा प्रकल्प आहे, तिथे खालच्या धरणातलं पाणी पंपानं वर चढवतात आणि गरजेच्या वेळी खाली सोडतात. रीत चांगली आहे, पण तिला डोंगर लागतो, दरी लागते, आणि बहुतेक वेळा कुणाचं तरी रान लागतं.

आता दुसरी टाकी दाखवते. मी रसायनशास्त्र शिकवते. दरवर्षी एकदा तरी मुलांसमोर हा प्रयोग करते. काचेच्या फ्लास्कमध्ये व्हॅनेडियमच्या क्षाराचं आम्लातलं द्रावण घ्यायचं. रंग हळदीसारखा पिवळा. त्यात जस्ताची पूड टाकायची आणि फ्लास्क हलवत राहायचा. बुडबुडे येतात, तळहाताला काच कोमट लागते. पिवळा रंग हिरवट होतो, मग स्वच्छ निळा, मग पुन्हा हिरवा, पण वेगळा, शेवाळी. आणि थोडं थांबलं की जांभळा. मागच्या बाकावरची मुलंसुद्धा पुढे येतात. जस्त एकेक इलेक्ट्रॉन देत जातं आणि व्हॅनेडियम तो घेत जातं, प्रत्येक पायरीचा रंग निराळा. फ्लास्क उघडा ठेवला तर हवेतल्या ऑक्सिजनमुळे जांभळा पुन्हा हिरवा होतो. घेतलेला इलेक्ट्रॉन परत देता येतो, हे मुलांना पुस्तकाशिवाय कळतं.

याच चार रंगांवर फ्लो बॅटरी चालते. दोन टाक्या असतात, दोन्हींत व्हॅनेडियमचं आम्लातलं द्रावण. मधे सेल, म्हणजे पातळ पटलानं, पडद्यानं, दुभागलेले कप्पे, एकाला एक लागून रचलेले. पंप दोन्ही द्रावणं पटलाच्या दोन बाजूंनी फिरवत राहतात. दुपारी उन्हाची वीज आत सोडली की एका टाकीतलं निळं द्रावण पिवळं होतं, दुसऱ्या टाकीतलं हिरवं जांभळं होतं. रात्री उलटा प्रवास. पिवळं निळं होतं, जांभळं हिरवं होतं, आणि मधल्या तारेतून वीज बाहेर पडते.

यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट ही की नळ वेगळा आणि टाकी वेगळी. एका वेळी किती मेगावॉट मिळतील, हे सेलवर ठरतं. किती तास मिळतील, हे टाकीवर ठरतं. चार तासांऐवजी आठ तास हवेत? सेल तेच ठेवा, द्रावण दुप्पट करा. मोबाइलमधल्या लिथियमच्या बॅटरीत हे जमत नाही, तिथे तास वाढवायचे तर अख्खी बॅटरीच वाढवावी लागते. शिवाय हे द्रावण पाण्यातलं आहे, ते पेट घेत नाही. दाटीवाटीच्या शहरात ही लहान गोष्ट नाही. हजारो वेळा भरून-रिकामं केलं तरी द्रावण झिजत नाही.

अमेरिकेत नासानं १९७०च्या दशकात लोखंड आणि क्रोमियमची अशी बॅटरी करून पाहिली होती. अडचण अशी की एका बाजूचा धातू पटलातून दुसऱ्या बाजूला झिरपायचा आणि द्रावण बिघडायचं. १९८०च्या दशकात सिडनीच्या न्यू साउथ वेल्स विद्यापीठात मारिया स्कायलास-कझाकोस यांनी दोन्ही बाजूंना व्हॅनेडियमच वापरलं. झिरपलं तरी आपलंच आपल्यात. इतका साधा विचार, पण तो सुचायला त्या बाई लागल्या! आज चीनमधल्या दालियान शहरात १०० मेगावॉटची अशी बॅटरी आहे, ती चार तास वीज देऊ शकते. जपानच्या होक्काइदो बेटावरही एका उपकेंद्रात १५ मेगावॉटची बसवली आहे.

उणिवाही सांगायला हव्यात. घातलेल्या शंभर युनिटांपैकी साधारण सत्तर-पंचाहत्तर परत मिळतात, लिथियममध्ये जास्त मिळतात. व्हॅनेडियम महाग आहे, त्याच्या किमती वरखाली होतात. त्याचा बहुतेक वापर पोलाद कणखर करायला होतो आणि खाणी मुख्यतः चीन, रशिया, दक्षिण आफ्रिकेत. चाळीस अंशांच्या वर द्रावण तापलं की पिवळ्या टाकीत साका बसू लागतो, म्हणजे आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ते थंड ठेवायची सोय हवीच. आणि जागा लागते. तास-दोन तासांचं काम असेल तर लिथियमच घ्यावं, असंच मी म्हणेन. फ्लो बॅटरी लांबलचक रात्रीसाठी आहे.

मला ही तळमळ का, ते सांगते. १२ ऑक्टोबर २०२०. सकाळी दहाच्या सुमारास बाहेरून शहरात वीज आणणाऱ्या वाहिन्या बंद पडल्या आणि मुंबई अंधारली. लोकल जागच्या जागी थांबल्या. कोविडचे दिवस. आमच्या शेजारच्या आजोबांना घरीच ऑक्सिजनचं मशीन लावलेलं होतं. मशीनची घरघर थांबली आणि त्यांची सून जिन्यातून ओरडत आली. एक छोटा सिलिंडर घरात होता. दोन मजले खाली राहणाऱ्या मुलानं पान्यानं त्याचा व्हॉल्व्ह उघडून दिला आणि आम्ही तिघं त्या काट्याकडे बघत बसलो. वीज आली तेव्हा काटा लाल पट्टीत होता. शहरात साठा असता तर त्या दिवशीचं सगळं टळलं असतं, असा माझा दावा नाही. पण इस्पितळं, लोकल, पाण्याचे पंप यांना सावरायला काही तास मिळाले असते. म्हणून शहरातल्या प्रत्येक मोठ्या उपकेंद्राच्या आवारात असा साठा असावा, असं मला वाटतं.

यंदा प्रयोग संपल्यावर भांडुपच्या एका मुलानं विचारलं, "मॅडम, आमच्या बिल्डिंगला किती लागेल?" फळ्यावर हिशेब मांडला. दोन्ही टाक्या मिळून एका लिटरमागे साधारण पंचवीस वॉट-तास. एक युनिट म्हणजे हजार वॉट-तास, म्हणजे एका युनिटला चाळीस लिटर, दोन मोठ्या बादल्या. घरं चाळीस, रात्रीला प्रत्येकी पाच युनिट धरली, एकूण दोनशे युनिट, आठ हजार लिटर. द्रावण पाण्यापेक्षा जड, दहा टनांच्या वर जाईल, गच्चीचा स्लॅब ते पेलणार नाही. खाली ठेवावं लागेल, आणि गळती झाली तर आम्ल अडेल असा हौद त्याभोवती बांधावा लागेल.

"आठ हजार लिटर म्हणजे एक टँकरच की," तो म्हणाला. "तो तर आमच्याकडे मेमध्ये रोज येतो. त्याला उभं राहायला जागा आहे, मॅडम."