वांग्यातली खिडकी

श्रोतेहो, नमस्कार.

दर रविवारी सकाळी आठ ते दहा आमच्या पुढच्या खोलीत सतरंजीवर अकरा मुलं बसलेली असतात. सगळ्यांत लहान सहा वर्षांचं, सगळ्यांत मोठं दहाचं. शाळेत तीस वर्षं ड्रॉइंग मास्तर म्हणून काढली आणि निवृत्त झाल्यावर हा वर्ग मांडला. लहान मुलांना चित्रकला शिकवायची म्हणजे नक्की काय शिकवायचं, असं पालक विचारतात. त्याबद्दल आज बोलतो.

पहिल्या दिवशी मी काहीच शिकवत नाही. नुसतं म्हणतो, काढा काहीतरी. आणि अकराच्या अकरा जण तेच काढतात. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली झोपडी, बाजूला नारळ आणि निळी नदी. अहो, आपण सांगलीत राहतो. दंडोबा सोडला तर इथं डोंगर कुठला? आणि कृष्णा निळी कधी बघितलीत तुम्ही? पावसाळ्यात आयर्विन पुलावर उभं राहून बघा, चहासारखी दिसते. पण पोरांनी ती बघून काढलेली नसते, दादाच्या वहीतून काढलेली असते. दादानं त्याच्या ताईच्या.

म्हणून आमच्या वर्गाचा पाठ एकच. आधी बघायचं, मग काढायचं. पुन्हा सांगतो, आधी बघायचं, मग काढायचं.

साहित्य फार लागत नाही. कार्ट्रिज कागद, टूबी पेन्सिल, गोल ब्रश आठ नंबरचा, पाण्याचे दोन डबे आणि जुन्या बनियनचं फडकं. डबे दोन का, तर एकात ब्रश धुवायचा आणि दुसऱ्यातलं पाणी रंगाला घ्यायचं. एकाच डब्यात दोन्ही केलं की दहा मिनिटांत सगळं चित्र चिखलाच्या रंगाचं होतं. खोडरबर मात्र मी दारातच काढून घेतो. खोडरबर हातात असला की मूल एक रेघ काढतं नि चार खोडतं, आणि तासाच्या शेवटी कागदाला भोक. चुकली रेघ तर शेजारी दुसरी काढावी. यावर माझं पालकांशी भांडण ठरलेलं आहे, ते राहू दे.

तर गोष्ट सांगतो ती वांग्याची.

गेल्या हिवाळ्यात मी वर्गात एक वांगं आणलं. आपल्या कृष्णाकाठचं नव्हे हं. ते खायला उत्तम, भरलं वांगं करावं तर त्याचंच. पण मला हवं होतं चकचकीत, काळंजांभळं, भरताचं. बाजारात भाजीवालीनं तीन वेळा विचारलं, मास्तर, एकच? म्हटलं, एकच, पण देखणं दे.

पाटावर पांढरा कागद, त्यावर वांगं, मुलं भोवती गोल. आधी पाच मिनिटं नुसतं बघायचं. मग आकार, मग रंग. जांभळा कसा करायचा ते दाखवलं. क्रिमसन घ्या आणि अल्ट्रामरिन निळा घ्या. पेटीतला दुसरा लाल, तो शेंदरी, व्हर्मिलियन, तो घेतलात तर जांभळा होत नाही, तपकिरी होतो. आणि काळ्याला हात लावायचा नाही. लाल आणि निळा दाट घेतला की वांग्याला पुरेल एवढा काळेपणा येतो.

सगळे कामाला लागले. मी मागून फिरत होतो. दुसरीतली एक मुलगी, दोन वेण्या, जीभ बाहेर काढून रंगवणारी. तिच्या कागदाशी आलो आणि थांबलो. वांगं झकास उतरलं होतं, देठाची टोपीसुद्धा. पण वांग्याच्या पोटावर तिनं एक वाकडातिकडा चौकोन कोराच सोडला होता आणि त्यात तीन उभ्या रेघा.

म्हटलं, "हे काय गं राहिलं?"

"राहिलं नाही सर. खिडकी आहे."

"वांग्याला खिडकी?"

"आहे की."

आता खरं सांगतो. माझ्या हातात जांभळ्यानं भरलेला ब्रश होता. मी वाकलो होतो तो चौकोन भरून टाकायलाच. पण तिनं हात आडवा धरला आणि म्हणाली, "सर, इथं बसून बघा."

गुडघे दुखतात, तरी बसलो. तिचं डोकं जिथं होतं तिथं माझं डोकं नेलं. आणि वांग्यात खिडकी होती हो! आमच्याच खोलीची, डाव्या भिंतीतली, गजांची खिडकी. वांग्याच्या पोटाबरोबर वळलेली, करंगळीच्या नखाएवढी. गज मोजले. तीन.

श्रोतेहो, मी ए.टी.डी., म्हणजे कलाशिक्षकाची पदविका, केलेला माणूस. वस्तूवरची चकाकी, ज्याला आम्ही हायलाइट म्हणतो, ती कशी ठेवायची ते शिकलो आणि तीस वर्षं शिकवलं. डाव्या अंगाला वर एक पांढरा ठिपका सोडायचा, वालाच्या दाण्याएवढा. सफरचंद असो, मडकं असो, टोमॅटो असो, वालाचा दाणा ठरलेला. तो दाणा म्हणजे खिडकी असते, हे मला कोणी सांगितलं नव्हतं आणि मी कधी बघितलं नव्हतं. म्हणजे माझेही दोन डोंगर आणि सूर्यच की!

मग काय, वर्ग मोडला. सगळी पोरं वांग्यावर. मला दिसली, मला दिसली. खिडकीकडं पाठ करून बसलेला एक मुलगा म्हणाला, "सर, माझ्या खिडकीत काळं काहीतरी आहे." नीट बघितलं तर ते त्याचंच डोकं. त्यानं तेही काढलं.

जलरंगात पांढरा रंग लावायचा नसतो, कागद कोरा ठेवायचा असतो. हे त्या दिवशी मला वेगळं शिकवावं लागलं नाही. खिडकी कोरी, बाकी वांगं. सावंतवाडीच्या सावळाराम हळदणकरांचं हाताआड दिवा धरलेल्या बाईचं चित्र तुम्ही कॅलेंडरवर बघितलं असेल. म्हैसूरच्या जगनमोहन पॅलेसमध्ये आहे. ते जलरंगातलं आहे. लोक सर्रास राजा रविवर्म्यांचं म्हणून सांगतात, आणि तसं कोणी म्हटलं की माझा दिवस वाईट जातो. असो. वांग्याकडं येतो.

वांगं घरात गेलं. मी म्हटलं, पुढच्या रविवारी पुन्हा लागेल. बायको म्हणाली, आठ दिवसांत त्याचं काय होतं ते तुमच्या चित्रात येणार आहे का? संध्याकाळी भरीत झालं. चांगलं झालं होतं.

पुढच्या रविवारी ती मुलगी चित्र घेऊन आली. खिडकी नव्हती. चौकोन जांभळ्यानं भरलेला, अगदी सफाईनं, कडेबाहेर एक थेंब नाही.

"आईनं केलं," म्हणाली. "म्हणाली, राहिलं होतं."

मी त्या बाईंना काय बोलणार? माझाही ब्रश तिथवर पोचलाच होता. पण पालकांनो, एवढं कराल का? पोरांच्या चित्राला हात लावू नका. बारीकसासुद्धा नको. चित्रकलेच्या एलिमेंटरी, इंटरमिजिएट परीक्षा आहेत, दहावीला वाढीव गुण मिळतात, सगळं मान्य, पण दुसरीतल्या पोरीला त्याची घाई नाही. आणि जलरंगात एकदा झाकलेला कोरा कागद तसाच्या तसा परत मिळत नाही. हात लावण्याआधी विचारा, हे काय आहे गं? आधी बघायचं.

मी तिला नवा कागद दिला. वांगं नव्हतं, म्हणून पाटावर स्टीलचा पेला ठेवला. ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली आणि बराच वेळ काही काढेना. मी विचारलं, "काय झालं?"

"थांबा ना सर," म्हणाली. "यात सगळेच आहेत."