डब्यात काय आहे, ते आधी ओळखा

(मंडळाच्या २०२५ च्या कोजागिरी मेळाव्यात केलेले भाषण. संकेतस्थळासाठी थोडे आवरून घेतले आहे.)

नमस्कार मंडळी. मी यवतमाळ जिल्ह्यातली, केळापूर तालुक्यातली. जिल्हा परिषदेच्या शाळेत नोकरी केली, आता अमेरिकेत लेकीकडे आले आहे. मंडळाच्या अध्यक्षांनी विषय दिला की, वेगवेगळ्या धर्मांचे या दिवसांतले सण मुलांना कसे सांगावेत. माझं म्हणणं, सांगता कशाला? सांगण्यानंच घोटाळा होतो. शाळेत तक्ता असतो, एका चौकोनात पणती, एकात चंद्रकोर, एकात भोपळा. पोट्टे तो पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि विसरून जातात.

तक्ते चुकतातही. ईद ए मिलाद शरदातली म्हणून चिकटवलेली मी पाहिली आहे. मुसलमानी वर्ष साधारण ३५४ दिवसांचं. दर वर्षी ईद दहा-अकरा दिवस अलीकडे सरकते आणि तेहेतीसएक वर्षांत सगळे ऋतू फिरून येते. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद ए मिलाद एकाच दिवशी, २८ सप्टेंबरला आली, तेव्हा महाराष्ट्रात ईदची सुट्टी दुसऱ्या दिवशी दिली होती. पुढं तीच ईद भर उन्हाळ्यातही येईल. मग तिला शरदात कशी बांधून ठेवणार?

आपलं पंचांग मात्र अधिक महिना घालून सणाला ऋतूत धरून ठेवतं. ज्यू लोकांचंही तसंच, एकोणीस वर्षांत सात वेळा ते जादा महिना घालतात. चिनी पंचांगातही जादा महिना असतो. म्हणून कधीकधी गंमत होते. गेल्या सोमवारी, ६ ऑक्टोबर २०२५ ला, आपली कोजागिरी होती. त्याच दिवशी चिनी लोकांचा मध्य-शरद सण, कोरियन लोकांचा चुसोक आणि सूर्य मावळल्यावर ज्यूंचा सुक्कोत सुरू. चंद्र एकच. दर वर्षी असं जुळत नाही. गेल्या वर्षी चिनी सण १७ सप्टेंबरलाच होऊन गेला आणि सुक्कोत तेवढा कोजागिरीला आला. हे पोरांना तक्त्यावर नाही, गॅलरीत उभं करून दाखवायचं.

सुक्कोतचं मला फार कौतुक वाटलं. लेकीच्या शेजारी एक ज्यू कुटुंब राहतं, त्यांनी अंगणात खोपी घातली. छत फांद्यांचं, जमिनीतून उगवलेल्याच वस्तूंचं. दिवसा आत उन्हापेक्षा सावली जास्त पाहिजे आणि रात्री चांदण्या दिसल्या पाहिजेत. सात दिवस त्यात जेवायचं. मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, सुटल्यावर त्यांचे पूर्वज वाळवंटात असल्याच खोपींत राहिले, त्याची ती आठवण. नातीनं विचारलं, "आजी, पाऊस आला तर?" मी म्हटलं, मला काय विचारतेस, त्यांना विचार. ती गेली, विचारून आली, येताना हातात फांदी घेऊन आली. छत पुरं व्हायचं होतं, तिला कामाला लावलं होतं.

आता आमच्याकडचं सांगते. भाद्रपदी पौर्णिमेला विदर्भात भुलाबाई बसते आणि कोजागिरीला उठते. मातीची भुलाबाई, शेजारी भुलोबा, म्हणजे पार्वती आणि शंकर. शेवटच्या दिवशी त्यांच्यावर ज्वारीच्या धांड्यांचा मांडव करतात. रोज संध्याकाळी पोरी घरोघर जाऊन गाणी म्हणतात आणि गाणी झाली की खिरापत. पण ती अशी हातावर पडत नाही. ओळखावी लागते.

ज्या घरची खिरापत असेल तिथली पोरगी डबा पोटाशी धरून उभी राहते, वरून ओढणी. पोरी विचारतात, गोड की तिखट? तळलेलं की भाजलेलं? ती डबा कानाशी वाजवून दाखवते. खुळखुळ वाजलं तर फुटाणे, मुरमुरे. दबका आवाज आला तर करंजी नाही तर लाडू. वाजलंच नाही तर शिरा. एखादी हुशार पोरगी नुसता वास घेऊन सांगते, खोबरं आहे. आणि कोणालाच ओळखता आलं नाही तर त्या घराची कॉलर ताठ, दुसऱ्या दिवशी नळावर सांगतात, आमची खिरापत कोणाला आली नाही.

मला वाटतं, सणांची ओळख करून द्यायची तर ती अशी. आधी प्रश्न, मग वास, मग चव आणि गोष्ट सगळ्यात शेवटी. आम्ही मास्तर लोक गोष्टीपासून सुरुवात करतो, तिथंच पोट्टे खिडकीबाहेर पाहू लागतात.

अट एकच. डबा घरी करायचा नाही. ज्यांचा सण त्यांच्या घरून आणायचा. मोबाईलवर पाहून आपणच मूनकेक केला तर तो आपलाच लाडू झाला की. चिनी मैत्रिणीकडे जायचं आणि त्यात अंड्याचा खारा बलक का घालतात ते तिच्या आईला विचारायचं. शाकाहारी घरांनी दचकू नये, तिळाचा, कमळबियांचाही मिळतो, पण आत काय काय घातलंय ते विचारून घ्यायचं. कोरियन घरी जाल तर तांदळाच्या पिठाच्या अर्धचंद्रासारख्या वड्या, सोंगप्योन, पाइनच्या पात्यांवर वाफवतात. आपल्याकडे हळदीच्या पानावर करतात ना काही काही, ते आठवेल. मेक्सिकन शेजारी असतील तर १ आणि २ नोव्हेंबरला त्यांच्या घरी, वारलेल्या माणसांचे फोटो मांडून त्यांच्या आवडीचं जेवण ठेवतात आणि सगळीकडे झेंडू. आपण पितृपक्षात पान वाढतो, कावळ्याची वाट पाहतो. त्यांच्याकडे मुलं साखरेच्या कवट्या हातात घेऊन हसत असतात. तिथं गंभीर तोंड करून बसायचं नसतं, हे आधी सांगून ठेवा. दसऱ्याच्या तोरणातला झेंडूही मूळ मेक्सिकोकडचाच, म्हणजे फुलं त्यांच्या घरून आपल्याकडे आधीच येऊन बसलेली आहेत.

एक सवय मात्र सोडा. "म्हणजे त्यांची दिवाळीच की!" असं म्हटलं की पोराचा प्रश्नच संपतो. साम्य दिसलं तर दिसू द्या, पण तिथं थांबू नका. योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, ज्यू घरात पंचवीस तास पाणीसुद्धा घेत नाहीत, त्या दिवशी आनंदी शुभेच्छा द्यायला जाऊ नये.

आणि गावाचं मी फार गोड करून सांगतेय असंही समजू नका. आमची भुलाबाई कोणत्या आळीपर्यंत जायची आणि कोणत्या वस्तीच्या अलीकडून परत फिरायची, हे पोरींना कोणी न सांगताच कळत होतं. त्या वस्तीतून दसऱ्याच्या आदल्या दिवशी माणसं नागपूरला निघायची. पांढरे कपडे, फडक्यात भाकरी-चटणी. १४ ऑक्टोबर १९५६ ला, अशोक विजयादशमीला, बाबासाहेबांनी दीक्षाभूमीवर लाखो लोकांसह बौद्ध धम्म स्वीकारला, ते ठिकाण पाहायला. फळ्यावर मात्र रामाचंच चित्र निघायचं. त्याच वर्गात गोंडांची, कोलामांची मुलं. एकानं एकदा सरळ सांगितलं, "बाई, आमी रावन नाई जाळत." गोंड समाजात रावणाला पूर्वज मानणारे पुष्कळ आहेत. अकोला जिल्ह्यात सांगोळा गावी तर रावणाची जुनी मूर्ती आहे, दसऱ्याला तिची पूजा होते. त्या पोरानं मग दिवाळीतली दंडार सांगितली. मोरपिसांचा भलामोठा टोप घातलेले घुसाडी, ढोल, रात्रभर नाच. सगळा वर्ग गप्प. मी पुस्तक मिटलं.

म्हणून म्हणते, इथल्या मुलांना जगाचे सण दाखवा, पण शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या मराठी घरचाही दाखवा. या सभागृहात बौद्ध घरं आहेत, जैन आहेत, ख्रिस्ती आहेत, मुसलमान आहेत. जैन घरी दिवाळी ही महावीरांच्या निर्वाणाची, त्या दिवशी मंदिरात लाडू चढवतात. तो डबा मागायला फार लांब जायचं नाही. दीक्षाभूमीवरून लोक प्रसाद नाही, पुस्तकं आणतात, तिथले पुस्तकांचे स्टॉल पाहण्यासारखे असतात. त्या घरून डब्यात पुस्तक आलं तर तीही खिरापतच. वाजवून ओळखता येणार नाही एवढंच.

काही आईबाप विचारतील, पोरं दुसऱ्यांच्या सणात रमली तर आपलं राहील का? मोझरीला, तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंजात, आश्विन वद्य पंचमीला संध्याकाळी ४ वाजून ५८ मिनिटांनी, महाराज गेले त्या वेळेला, लाखो माणसं मौन उभी राहतात. त्या कार्यक्रमात वेगवेगळ्या धर्मांच्या प्रार्थना होतात. त्यानं तिथली भजनाची खंजेरी काही बंद पडलेली नाही. उलट, दुसऱ्याच्या घरी गेलेल्या पोराला कोणीतरी विचारतंच, तुमच्याकडे काय करतात? मग ते घरी येऊन तुमच्या मागे लागतं. तेव्हा उत्तर तयार ठेवा.

इथल्या थँक्सगिव्हिंगचंच घ्या, पीक हाती आल्याचे आभार मानायचा सण, नोव्हेंबरचा चौथा गुरुवार. त्या टेबलावर तुमच्या मुलीला कोणी विचारलं, तर तिला सीतादही माहीत हवी. आमच्याकडे कापसाच्या पहिल्या वेचणीला झाडाखाली पाच खडे मांडतात, दहीभाताचा नैवेद्य दाखवतात, थोडा वावरात शिंपडतात आणि मग बाया ओटी बांधून वेचायला लागतात.

तर दिवाळीच्या मेळाव्याला डबे झाकून आणा. डब्यावर चिठ्ठी लावाल तर पदार्थाचं नाव लिहू नका, पोराचं लिहा आणि ज्यांच्या घरून आणला त्यांचं. शेंगदाणे, काजू, तीळ असलं काही असेल तर तेवढं मात्र आधीच स्वयंसेवकांच्या कानात सांगा. इथं पोरांना त्याची ॲलर्जी असते, ओळखायला लावण्यात अर्थ नाही.