मटणाचं वाटण, मसुराचं पातेलं

(दृश्य : हायवे, दिवेलागणीची वेळ. ढाब्यांच्या पाट्या एकामागून एक.)

पुण्याहून कोल्हापूरकडं निघालं आणि कराड जवळ आलं, की रस्त्याच्या कडेला एकच पाटी परत परत दिसायला लागते. अख्खा मसूर. कुठं 'स्पेशल', कुठं 'फेमस', कुठं नुसतंच 'अख्खा मसूर मिळेल'. पहिल्यांदा येणारा बुचकळ्यात पडतो. अख्खा बोकड ऐकलाय, अख्खी कोंबडी ऐकलीय. मसूर अख्खा असला तर त्यात पाटी लावण्यासारखं काय?

सालासकट, न भरडलेला, म्हणून अख्खा. शब्दाचा अर्थ एवढाच. पण हा मुलूख मटणाचा आहे. इथं 'जेवायला या' म्हटलं की पुढचा माणूस वार विचारतो. २०१९ च्या अखेरीस मटणाचा दर वाढला म्हणून शेजारच्या कोल्हापुरात आंदोलन उभं राहिलं होतं, गिऱ्हाईक आणि विक्रेते समोरासमोर बसून दरावर भांडले होते. अशा ठिकाणी चांगली खाती-पिती माणसं गाडी वळवून कडधान्य मागवतात, तेही बळंबळं नाही, आवडीनं. आम्हाला त्याचं कोडं पडलं, म्हणून कॅमेरा घेऊन आलो.

ढाब्यावर फार वेळ थांबलो नाही. तिथला मसूर चवदार असतो, पण त्यात लोणी एवढं, की कशाला चव आहे ते कळत नाही. कांदा-टोमॅटो बारीक चिरलेला, वर कसुरी मेथी, सोबत हातभर लांब रोटी. बिल आलं तेव्हा लक्षात आलं, स्वस्त जेवणाची गोष्ट सांगायची तर हायवे सोडून आत जायला हवं.

(दृश्य : कृष्णाकाठचं गाव. परसातली चूल. पाण्यात भिजलेला मसूर.)

कराडपासून आत, नदीच्या काठावरचं हे घर. सहा माणसांचं. स्वयंपाक काकींच्या हाती. घरात गॅस आहे, पण रश्शाला परसातली चूल लागते, हे त्यांनी आल्या आल्या सांगून टाकलं.

सकाळी भिजत घातलेला पाव किलो मसूर दुपारपर्यंत टम्म फुगलाय. जरा जवळून बघा. बाहेरून मातकट तपकिरी. साल जिथं उललंय तिथं आतून केशरी डोकावतंय. किराणा दुकानातली केशरी मसूरडाळ ती हीच, साल काढून. दाणा दोन्ही अंगांनी फुगीर आणि कडेला निमुळता. लॅटिनमध्ये मसुराला 'लेन्स' म्हणतात. काचेची भिंगं घडवली गेली तेव्हा त्यांचा आकार या दाण्यासारखा, म्हणून त्यांनाही तेच नाव पडलं. म्हणजे आत्ता आमच्या कॅमेऱ्याचा एक मसूर चुलीपुढच्या मसुराकडं बघतोय.

काकींना ही माहिती दिली. त्या म्हणाल्या, "आसंल. जरा बाजूला सरका, धूर डोळ्यात जाईल."

मसूर इथला नव्हे. त्याला थंडी लागते, त्यामुळं महाराष्ट्रात तो थोडाच पिकतो. मध्य प्रदेश, उत्तर प्रदेश ही त्याची शेतं, आणि तेवढं पुरलं नाही की कॅनडा-ऑस्ट्रेलियाहून बोटी येतात. कराडच्या पेठेतल्या पोत्यातला दाणा कॅनडातल्या बर्फाळ सस्कॅचवान प्रांताचाही असू शकतो. ओळख मात्र जुनी आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठावर इनामगाव आहे. तिथं १९६८ पासून पंधराएक वर्षं डेक्कन कॉलेजनं खोदकाम केलं, आणि तीन हजार वर्षांपूर्वीच्या शेतकऱ्यांची वस्ती सापडली. घरांत जळके दाणे मिळाले. जव, कुळीथ, मसूर. त्याच घरांत गाई-बैलांची, शेळ्या-मेंढ्यांची हाडं मिळाली, सुरीच्या खुणांसकट. हाड आणि मसूर एका चुलीपाशी. आजही काकींच्या घरात तेच आहे, फक्त वार ठरलेले आहेत.

वारांचं गणित सांगायला हवं. बुधवार, शुक्रवार, रविवार खायचे. सोमवार महादेवाचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. मंगळवार घराघरावर अवलंबून. त्यात एकादशी, संकष्टी. गटारी झाली की श्रावण, आणि बऱ्याच घरांत थेट गणपती उठेपर्यंत काही नाही. 'आम्ही मांसाहारी' म्हणणारं घरसुद्धा वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस डाळी-कडधान्यांवरच असतं. ते कुणी मोजत नाही, एवढंच.

गंमत अशी, की या वार-व्रतं पाळण्यात मसुरालाच संशयानं बघितलं गेलंय. जुन्या वळणाच्या काही घरांत चातुर्मासात कांदा-लसणाबरोबर मसूरही बंद. बंगालात तर मसूरडाळ आमिषात, म्हणजे मांसाहारात धरायची रीत होती, विधवांना ती वर्ज्य. आणि इकडं श्रावणी सोमवारी रुद्राभिषेकात 'चमक' हा मंत्रपाठ म्हणताना गुरुजी धान्यांची यादी मागतात, व्रीहि, यव, माष, तीळ, मूग, आणि पुढं 'गोधूमाश्च मे मसुराश्च मे'. मला गहू मिळो, मला मसूर मिळो. देवापुढं मागायचा आणि घरी टाळायचा. मसुराचं अंग मटणाशी कुठंतरी जुळतं, असं जुन्या माणसांना वाटलं असावं का? माझा आपला तर्क. पण पुढचं पातेलं बघून तो खरा वाटायला लागतो.

(दृश्य : चुलीतला कांदा. फक्त आवाज, चरचर.)

तीन कांदे, न सोललेले, थेट आरात. वरचं साल काळं झालं, आतून रस सुटून तडतडायला लागला. खोबऱ्याची अर्धी वाटी चिमट्यात धरून जाळावर. तिला क्षणभर ज्वाला लागली, काकींनी फुंकर मारून विझवली. मी विचारलं, जळलं का? म्हणाल्या, "करपाय पायजे, जळाय न्हाई." करपणं आणि जळणं यांतलं अंतर त्यांच्या नाकात आहे, ते कॅमेऱ्यात येत नाही.

मग पाट्यावर कांदा, खोबरं, लसणाची एक गड्डी, आल्याचा तुकडा, मूठभर कोथिंबीर, चमचाभर भाजलेले तीळ. पाणी अगदी हाताला लावण्यापुरतं. वरवंटा पुढं-मागं जातो तसा रंग उजळ तपकिरीकडून काळपट तपकिरीकडं सरकतो. हे वाटण. रविवारी मटणाला हेच, आज मसुराला हेच.

"मटान आसूं दे न्हाईतर मसूर, वाटान एकच," काकी म्हणतात, आणि आमच्या कोड्याचं उत्तर तिथंच मिळतं. रविवारी जिभेवर रेंगाळते त्या चवीतला मोठा वाटा बोकडाचा नसतोच. भाजलेला कांदा, करपवलेलं खोबरं, तेलात परतलेलं तिखट, यांचा असतो. आपण तिला मटणाची चव म्हणतो, कारण ती आपल्याला तिथंच भेटलेली असते.

म्हणूनच मला ते मांसासारखं दिसणारं, चावायला मांसासारखं लागणारं पाकिटातलं प्रकरण समजत नाही. नक्कल केली की माणूस फरक शोधत बसतो. मसूर कुणाची नक्कल करत नाही. तो मसूरच राहतो आणि रस्सा पिऊन घेतो.

(दृश्य : पातेलं. मसूर शिजतोय.)

दुसऱ्या चुलीवर मसूर, हळद घालून. कुकर आहे, पण काकी वापरत नाहीत. कुकरात एक शिट्टी जास्त झाली की अख्खा मसूर अख्खा राहत नाही, वरण होतं. भिजलेला असला की उघड्या पातेल्यात पंचवीस-तीस मिनिटं पुरतात. दाणा चिमटीत धरला की मोडला पाहिजे, पण आपणहून फुटलेला नको.

पाणी नळाचं, नदीचं. दारात बोअर आहे, त्याचं पाणी भांडी घासायला. 'बोअरच्या पाण्यात डाळ शिजत नाही' हे गावोगाव ऐकू येतं, आणि ते खरं आहे. जड पाण्यातलं कॅल्शियम दाण्याच्या पेशींना जोडणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवतं, दाणा मऊ पडत नाही. आंबटही तसंच. टोमॅटो, चिंच, आमसूल जे काही घालायचं ते मसूर शिजल्यावर. आधी घातलंत तर तासभर जाळ लावूनही दाणा टणक राहील. आमच्यातल्या एकानं पुण्यात खोलीवर हा प्रयोग करून बघितलेला आहे आणि रात्री अकराला वडापाव आणायला गेलेला आहे.

आता फोडणी. कढईत शेंगतेल, आणि ते हात आखडून नाही. मटणाला स्वतःची चरबी असते, मसुराला नाही. ती उणीव तेल आणि खोबरं भरून काढतात. इथं काटकसर केली की मसूर आजाऱ्याच्या पथ्यासारखा लागतो. तमालपत्र, मग वाटण. सुरुवातीला ते तेल पिऊन बसतं, कढईला चिकटतं. काकी उलथनं फिरवत राहतात, बोलत नाहीत. दहा मिनिटांनी कडेनं तेल सुटायला लागतं. त्याच्या आधी पुढचं काही पडत नाही.

मग चटणी. पुण्या-मुंबईच्या लोकांसाठी सांगतो, इथं चटणी म्हणजे डोशाबरोबरची नव्हे. वर्षाचा कांदा-लसूण मसाला म्हणजे चटणी. एप्रिल-मेच्या उन्हात मिरच्या वाळवायच्या, रंगाला बेडगी, तिखटाला संकेश्वरी किंवा लवंगी. धने, तीळ, खोबरं, खडा मसाला, तळलेला कांदा, लसूण, सगळं डंकावर कुटून बरण्यांत दाबून भरायचं. कालवणाला लागतं ते बहुतेक सगळं त्या एका चमच्यात आधीच असतं. रोजच्या घाईच्या स्वयंपाकात मसूर जमतो तो या बरणीच्या जिवावर.

दोन चमचे चटणी तेलात पडली आणि आमचा कॅमेरावाला शिंकला. काकी खूश. "आता झालं." लगेच आधणाचं पाणी, गार नाही. गार पाण्यानं तेल दबतं, कट वर येत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग शिजलेला मसूर, त्याच्या पाण्यासकट. मीठ. उलथन्यानं पळीभर दाणे कडेला चेचले, रश्शाला अंगासाठी. मंद जाळावर पाव तास. वर तांबडा तवंग, खाली दाणे.

(दृश्य : ताट. ज्वारीची भाकरी, कांदा, लिंबू.)

हिशेब बघू. मटण किलोला ७०० ते ८०० च्या घरात. मसूर १०० च्या आतबाहेर, म्हणजे या पातेल्यातला मसूर साधारण २५ रुपयांचा. तेल, खोबरं, कांदा-लसूण, चटणी धरली तरी कालवण ८० रुपयांच्या आसपास. मसुरापेक्षा त्याच्या अंगावरचा मसाला महाग. सहा माणसं.

आणि पोटात काय जातं? १०० ग्रॅम कोरड्या मसुरात सुमारे २४ ग्रॅम प्रथिनं, म्हणजे पाव किलोत ६०, ताटाला १०. एवढ्यानं भागत नाही, भाकरी लागते. दोन भाकऱ्या आणखी पंधरा-सोळा ग्रॅम घालतात, आणि नुसती आकड्यात भर घालत नाहीत. प्रथिनं ज्या घटकांची बनतात, त्यांतलं लायसिन मसुरात भरपूर, मेथिओनिन कमी. ज्वारीत नेमकं उलटं. दोन्ही एका घासात आली की एकमेकींची कसर भरून निघते. नुसत्या भाताबरोबरही हे जमतं.

एक गोष्ट मसूर देत नाही, ब-१२ जीवनसत्त्व. ते डाळी-कडधान्यांत नसतंच. ज्यांच्या घरात दूध, दही, ताक, अंडं आहे त्यांचं भागेल. तेही सोडलेल्यांनी डॉक्टरांना विचारून गोळी घ्यावी. उगाच 'डाळीत सगळं असतं' म्हणू नये. लोह मसुरात चांगलं आहे, पण वनस्पतीतलं लोह शरीर सहजासहजी घेत नाही. ताटाच्या कडेला ती लिंबाची फोड आहे ना, ती पिळायची. क जीवनसत्त्वानं लोह अंगी लागतं. आणि जेवणावर लगेच चहा घ्यायचा नाही, चहातली टॅनिनं ते लोह अडवून धरतात.

या मसुराची भावंडं महाराष्ट्रभर आहेत. मालवणात काळ्या वाटाण्याचं सांबारं, वड्यांबरोबर, कोंबडीच्याच थाटात. जुन्नर-संगमनेरकडं मासवडी. बेसनाच्या उंड्यात तीळ-खोबऱ्याचं सारण, कापल्यावर माशाच्या तुकडीसारखी दिसते, खातात मात्र माळकरीसुद्धा. विदर्भात पाटवडी रस्सा, आणि तो रस्सा तिथल्या मटणाला लाजवील इतका जहाल. प्रत्येकीवर वेगळी फिल्म होईल. आज वेळ नाही, भाकरी गार होतेय.

(दृश्य : अंगण. सगळे जेवायला बसलेले. निवेदक ताटावर.)

भाकरी चुरून रस्सा ओतला. पहिला घास तिखट, दुसऱ्या घासाला करपलेल्या खोबऱ्याचा गोडसर वास, आणि तिसऱ्यापासून दाणा कळायला लागतो, मऊ, किंचित पिठूळ. घरातला थोरला मुलगा पैलवानकी करतो, त्यानं तीन वेळा वाढून घेतलं. रविवारी मटण आहेच की, म्हणाला, पण हेही बरं हाय. काकींनी पातेल्याच्या तळाशी वाटीभर मसूर झाकून ठेवलाय. उद्या सकाळी शिळ्या भाकरीबरोबर, रात्रभर मुरलेला. तो त्यांचा एकटीचा, त्यात कुणाला वाटा नाही.

हात धुतले, सामान आवरायला घेतलं. काकी आतून स्टीलच्या पेल्यांत चहा घेऊन आल्या. टॅनिनचं सांगावं असं क्षणभर मनात आलं.

सगळ्यांनी चहा घेतला. कॅमेरावाल्यानं दोनदा.